आईबाबांचा डिसेंबर

डिसेंबर उजाडला की नागपूरच्या अंगात सरकार येते. मुंबईहून मंत्री, आमदार, सचिव आणि त्यांच्या मागोमाग फायलींचे गठ्ठे येतात, सिव्हिल लाइन्समध्ये विधानभवनाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कठडे लागतात आणि मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर मोर्चे येऊन थांबतात. १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरवण्याचे ठरले होते. त्या करारातून विदर्भाच्या पदरात नेमके काय पडले, यावर इथल्या पानठेल्यांवर आजही तासन्‌तास वाद चालतो. आमच्या घरी मात्र त्या कराराचा परिणाम अगदी स्पष्ट होता : डिसेंबरात बाबा घरी सापडत नसत. ते बांधकाम खात्यात कारकून होते. रवी भवनातल्या मंत्र्यांच्या बंगल्यांना रंग लागला की नाही, आमदार निवासात गाद्या पोहोचल्या की नाही, कुठल्या खोलीतला गिझर तापत नाही, अशा नोंदींमध्ये त्यांचा महिना बुडालेला असे आणि रजा हा शब्द त्या दिवसांत उच्चारण्याचीही सोय नसे.

आई परिचारिका होती. रुग्णालयाला सण नसतात, त्यामुळे तिचा डिसेंबरही तिचा नव्हता. ज्या दोन माणसांना वर्षाच्या अखेरीस श्वास घ्यायला फुरसत नव्हती, त्यांनी माझ्या आणि माझ्या धाकट्या भावाच्या बालपणात दरवर्षी, एकदाही न चुकता, असा नाताळ उभा केला की आजही डिसेंबरातल्या पहिल्या गार वाऱ्याबरोबर मला उगाच आनंद होतो. त्यांचे आभार मी कधी मानले नाहीत, कारण आमच्याकडे आईवडिलांचे आभार मानण्याची रीत नाही. तोंडावर मानले तर बाबा चष्मा पुसू लागतात आणि आई विषय बदलून जेवणाचे विचारते. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आम्ही गड्डीगोदामच्या एका गल्लीत राहत होतो. गल्लीत ख्रिस्ती घरे मोजकीच होती. बाकी बौद्ध, हिंदू, मुसलमान आणि एक शीख कुटुंब. आजोबा मिशनच्या शाळेत शिक्षक होते. १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपूर भागात आले. धर्मप्रसाराइतक्याच आवडीने ते इथले दगड, जीवाश्म आणि गोंडांच्या कथा गोळा करीत असत. त्यांच्याविषयी आजोबा घरातल्या माणसाविषयी बोलावे तसे बोलत. आजोबांच्या सांगण्यातली दुसरी मोठी गोष्ट २९ नोव्हेंबर १९७० ची होती. त्या दिवशी सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांनी आपापली वेगळी नावे सोडली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही एकच मंडळी स्थापन केली. आजोबा त्या मांडवात हजर होते. “सहा घरांची एक चूल झाली,” असे ते म्हणत आणि लगेच पुढे पुस्ती जोडत, “आता भांडणे एकाच चुलीवर शिजतात.” हे सांगण्याचे कारण असे की आमचा नाताळ हा कुठून तरी आणून आमच्यावर पांघरलेला सण आहे, असे आम्हां मुलांना एकदाही वाटले नाही. तो नागपूरचाच होता आणि तो तसा वाटावा यासाठी आईबाबांनी जाणीवपूर्वक कष्ट घेतले होते, हे मला फार उशिरा उलगडले.

सुरुवात ताऱ्यापासून होई. डिसेंबरात नागपूरच्या बाजारात संक्रांतीच्या पतंगांचा माल यायला लागतो. बाबा एखाद्या रविवारी जुनी शुक्रवारी भागात जाऊन पतंगाच्या कागदाचे ताव आणि बांबूच्या कामट्या घेऊन येत. त्याच कागदाचा आणि त्याच कामट्यांचा आमचा तारा बनत असे. पाच टोकांचा सांगाडा सुतळीने बांधायचा, मैद्याच्या खळीने कागद चिकटवायचा, आत बल्ब सोडायला एक बाजू उघडी ठेवायची. उरलेल्या तावांतून गल्लीतल्या सगळ्या पोरांना एकेक पतंग मिळत असे, त्यामुळे तारा बांधायला आमच्या ओसरीवर मुलांची कधीच वाण नसे. शेजारच्या घरातला मुलगा ताऱ्याच्या कामट्या बाबांपेक्षा चांगल्या तासायचा. पुढे आम्ही त्यालाच मुख्य कारागीर नेमले. त्याच्या घरी आंबेडकर जयंतीची रोषणाई असे तेव्हा हाच तारा, निळा कागद चढवून, त्यांच्या दारावर लागे.

झाडासाठी सुरूची फांदी असे. बाजारात मिळणारी प्लॅस्टिकची झाडे तेव्हा आमच्या आवाक्याबाहेर होती आणि पुढे आवाक्यात आल्यावरही बाबांनी ती घेतली नाहीत. गव्हाणीचा गोठा मात्र थेट अधिवेशनाच्या कृपेने उभा राहायचा. आमदार निवासात नवे गिझर बसले की त्यांची रिकामी खोकी भंगारात जात आणि त्यातले एखादे सायकलच्या कॅरिअरला बांधून बाबा रात्री घरी आणत. त्या खोक्याला मातीचा हात द्यायचा, वर तणस पसरायची, समोर गव्हाचे जवारे ठेवायचे. जवारे आई पेरत असे, नवरात्रात शेजारच्या काकू घटाला पेरत अगदी तसेच. नाताळच्या दिवशी बोटभर वाढलेले ते कोवळे हिरवे पाते गव्हाणीसमोर डोलताना दिसले की मला प्रभू येशू इथेच, काटोल रोडच्या पलीकडे कुठल्या तरी मळ्यात जन्मला असावा असेच वाटे.

कापसाविषयी मात्र घरात मतभेद होते. आईला गोठ्याच्या छपरावर कापूस टाकून बर्फ दाखवायची हौस होती, कारण रुग्णालयातल्या सजावटीत तो असे. बाबांचा त्याला ठाम विरोध होता. आमची थोडी कोरडवाहू शेती होती आणि आजोबांच्या भावांनी कापसाच्या भावापायी काय काय सोसले ते बाबांनी पाहिले होते. “विदर्भात कापूस हे पीक आहे, शोभेची वस्तू नाही,” असे ते म्हणत. अखेर छपरावर कापूस येत असे, पण बोंडासकट, पिकाचा मान म्हणून. ही तडजोड कोणी सुचवली ते आता कोणालाच आठवत नाही. मला मात्र आजही मॉलमधला थर्मोकोलचा बर्फ आणि त्याखाली घामाघूम उभा असलेला सांताक्लॉज पाहून थोडी कीव येते. नागपूरला स्वतःची थंडी काय कमी आहे? २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा साडेतीन अंशांपर्यंत उतरला होता.

खाण्याचा भाग आईचा. तिचे माहेर अहमदनगरचे, आताच्या अहिल्यानगरचे. तिथून तिने करंज्या, शंकरपाळे आणि रोझ कुकीजचा साचा आणला होता. नागपूरने तिला सांबारवडी दिली. थंडीत इथे सांबार, म्हणजे कोथिंबीर, इतका मुबलक आणि स्वस्त होतो की जुडीचा भाव विचारायची लाज वाटावी. खसखस, सुके खोबरे आणि भरपूर सांबार घालून केलेली, चिंचगुळाचे बोट लावून गुंडाळलेली ती खरपूस वडी आमच्या नाताळच्या ताटात केकच्या शेजारी बसत असे. पुण्याच्या एका पाहुण्यांना ही संगत विचित्र वाटली होती. त्यांनी दोन्ही पदार्थ पुन्हा मागून घेतले, एवढे सांगितले की पुरे.

केकची तयारी संत्र्यांच्या सालींनी सुरू होत असे. आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात बाजारात येतात. आम्ही खाल्लेल्या प्रत्येक संत्र्याची साल जपून ठेवायची, असा घरात दंडकच होता. आई त्या साली आतला पांढरा भाग खरवडून पाण्यात उकळी, ते कडू पाणी फेकून पुन्हा उकळी, कडवटपणा निघाला की बारीक चिरून पाकात मुरवी. रात्रपाळीहून आल्यावर, झोपण्यापूर्वी, ती हे करीत असे. घरभर पसरलेला तो संत्र्याचा आणि लवंगेचा वास म्हणजे माझ्या लेखी नाताळच्या आगमनकाळाची घंटा होती. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब आगमनकाळाची पहिली मेणबत्ती नंतर पेटवीत, आमच्या घरात तो वास आधी पोहोचलेला असे.

घरी भट्टी नव्हती. मैदा, रवा, लोणी, अंडी, साखर आणि पाकवलेल्या साली असे सगळे साहित्य पिशव्यांत भरून आम्ही मंगळवारी बाजार भागातल्या एका बेकरीत जात होतो. तिथे नाताळच्या आधी ख्रिस्ती कुटुंबांची रांग असे. प्रत्येकाने आपले साहित्य समोर उभे राहून फेटून घ्यायचे, आपल्या टिनाच्या डब्यांना ऑइल पेंटने आडनाव घालायचे आणि मजुरी देऊन पहाटे डबे घ्यायला यायचे. बेकरीवाले चाचा आईला पाळीवर जायचे असते हे जाणून होते. “सिस्टर, तुमचे डबे पहिल्या खेपेत टाकतो, तुम्ही ड्युटीवर निघा,” असे म्हणून ते आमची पाळी पुढे घेत आणि रांगेतल्या कोणीही कधी हरकत घेतली नाही. चाचांच्या घरी जाणारे नाताळचे ताट आमच्या यादीत सर्वांत वर असे. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचे भांडे येई. ते भांडे रिकामे परत करायचे नाही, हे तर नागपूरच्या कोणत्याही घरात सांगावे लागत नाही.

पाळीवरून आठवले. आई चोवीस डिसेंबरच्या रात्री घरी असायची, याचे श्रेय केवळ तिचे नव्हते. रुग्णालयातल्या परिचारिकांनी आपापसांत एक वाटणी ठरवली होती. लक्ष्मीपूजनाची रात्रपाळी आई करणार, ईदच्या दिवसाची पाळीही ख्रिस्ती आणि हिंदू परिचारिका वाटून घेणार, चौदा एप्रिलला आणि दसऱ्याला बौद्ध परिचारिकांना सुट्टी मोकळी ठेवणार आणि त्या बदल्यात चोवीसची रात्र व पंचवीसचा दिवस ख्रिस्ती परिचारिकांना मिळणार. हे कुठल्या कागदावर नव्हते. मेट्रन बदलल्या, वॉर्ड बदलले, वाटणी टिकली. त्यामुळे लहानपणी दिवाळीत आमच्या गल्लीत फटाके फुटत असताना आई नसायची, याचे मला वाईट वाटे. तिने मात्र आम्हाला कधी “मी तुमच्यासाठी करते” असे ऐकवले नाही. ती फक्त म्हणायची, “आज त्यांची लक्ष्मी आहे.” आईच्या ज्या मैत्रिणींनी चोवीसच्या त्या रात्री वॉर्डात सलाइनच्या बाटल्या बदलत काढल्या, त्यांचेही आभार इथे मानायला हवेत. त्यांतल्या काही जणी आता हयात नाहीत.

चोवीसच्या आधीच्या रात्री मंडळीतली तरुण मुले कॅरल गात घरोघर फिरत. ढोलक, खंजिरी, एखादी गिटार. इंग्रजी गाणी दोन-चार आणि बाकी मराठी भजने, त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची हमखास. टिळक धर्मांतरापूर्वी काही काळ नागपुरात होते आणि पुढचे बरेच आयुष्य त्यांचे नगरकडे गेले, त्यामुळे त्यांच्यावर अधिक हक्क कोणाचा, यावर आईबाबांचे दरवर्षी एकदा तरी वाजत असे. मुले आमच्याकडे पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असे आणि आईने त्यांच्यासाठी पातेलेभर हरभऱ्याची तर्री व परातभर पोहे करून ठेवलेले असत. कॅरल आणि तर्री-पोहे हा संयोग जगात नागपूरखेरीज अन्यत्र कुठे असेल असे मला वाटत नाही. “काकू, तर्री जमून गेली बरं!” अशी दाद देत, नाकाडोळ्यांतून पाणी काढत ती मुले पुढच्या घरी जात आणि सबंध गल्ली जागी करून जात. जागे झाल्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. उलट समोरचे सरदारजी चहाचे पातेले घेऊन बाहेर येत.

आता मुख्य गोष्टीकडे येते. नाताळबाबाला पत्र लिहायची पद्धत आमच्याकडे होती. डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही भावंडे आपापली मागणी लिहून पत्र बाबांकडे टपालात टाकायला देत होतो. पंचवीसच्या सकाळी उशीखाली भेटवस्तूसोबत उत्तर येत असे. ते उत्तर मराठीत टंकलिखित असे आणि त्याचा मायना पुढीलप्रमाणे असे :

“विषय : सायकल मिळणेबाबत. संदर्भ : आपले दिनांक ३ डिसेंबरचे पत्र. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपला अर्ज प्राप्त झाला असून तो सहानुभूतीपूर्वक विचारात घेण्यात आला आहे. तथापि, निधीच्या अनुपलब्धतेमुळे सदर मागणी पुढील आर्थिक वर्षात विचारार्थ ठेवण्यात येत आहे. दरम्यान, रंगपेटी (१ नग) सोबत जोडली आहे. पोच द्यावी. आपला विश्वासू, निकोलस.”

आम्हाला वाटे की नाताळबाबाचे एक मोठे कार्यालय आहे, तिथे लाकडी कपाटे आहेत आणि सगळीकडचा कारभार असाच चालतो. सायकल न मिळाल्याचे दुःख त्या पत्राच्या रुबाबाने अर्धे होऊन जाई. आपल्या अर्जाला जावक क्रमांक मिळाला, त्यावर कोणीतरी विचार केला, नकारालाही कारण दिले, याचे अप्रूप सात वर्षांच्या मुलीला केवढे असते! पैसे नसताना मुलांना नाही कसे म्हणावे, हा प्रश्न प्रत्येक मध्यमवर्गीय घराला पडतो. बाबांनी तो आपल्या नोकरीतून मिळालेल्या एकमेव शस्त्राने, म्हणजे शासकीय मराठीने, सोडवला. ज्या भाषेने दिवसभर त्यांना छळले, तीच भाषा ते रात्री आमच्यासाठी खेळण्यासारखी वापरत. सायकल खरोखरच पुढच्या वर्षी आली आणि तिच्यासोबतच्या पत्रात “सदर प्रकरण निकाली काढण्यात येत आहे” असे लिहिले होते.

हे प्रकरण उघडकीस आणले ते माझ्या भावाने. निकोलसच्या पत्रांत ‘ठ’ हे अक्षर नेहमी ओळीच्या किंचित वर उमटलेले असे. सीताबर्डीवर बाबांच्या एका मित्राचा टायपिंग क्लास होता आणि त्या क्लासच्या छापील नसलेल्या, टंकलिखित पावतीवरही ‘ठ’ तसाच उडी मारून बसलेला भावाला दिसला. त्याने दोन्ही कागद जेवताना बाबांसमोर ठेवले. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच्या उशीखाली नवे पत्र होते. आपले निरीक्षण रास्त असून त्याची नोंद घेण्यात आली आहे, असे त्यात आरंभी मान्य केले होते. पुढे चौथ्या शतकात मायरा नावाच्या गावी, आजच्या तुर्कस्तानात, निकोलस नावाचे बिशप होऊन गेले, गरिबांना गुपचूप मदत करण्याबद्दल त्यांची ख्याती आहे आणि सहा डिसेंबर हा त्यांचा स्मरणदिन आहे, अशी माहिती दिली होती. आणि शेवटी आदेश होता : “सदर कार्यालयाचा कार्यभार यापुढे आपणाकडे व आपल्या भगिनीकडे सोपविण्यात येत असून, आपल्या आत्याच्या मुलांचे प्रलंबित अर्ज तातडीने निकाली काढावेत. गोपनीयता राखावी.”

भाऊ रडेल अशी आईला भीती होती. तो रडला नाही, कारण त्याला बढती मिळाली होती. त्या वर्षी आम्ही दोघांनी टायपिंग क्लासमध्ये बसून, एकेक अक्षर शोधत, आत्याच्या मुलांना उत्तरे लिहिली, आणि काम करणाऱ्याच्या बाजूनेही नाताळ तितकाच रंगतो हे आम्हाला तिथे कळले. आईबाबांचा सगळा डिसेंबर आम्हाला त्या टंकलेखन यंत्राच्या पलीकडून दिसला : रात्री अकराला खोके घेऊन येणारे बाबा, पाळीवरून येऊन साली चिरणारी आई. ते थकलेले आम्हाला याआधी दिसले नव्हते, कारण आम्हाला दिसू नये अशीच त्यांची इच्छा होती.

बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. अधिवेशन अजून येते. टीव्हीवर आमदार निवासातल्या गैरसोयीची बातमी लागली की ते अस्वस्थ होतात आणि आई त्यांना आठवण करून देते की ते आता तुमचे खाते नाही. आई आता केक घरच्या ओव्हनमध्ये करते. साली मात्र ती अजूनही स्वतःच उकळते, माझ्या हातून पांढरा भाग नीट निघत नाही असे तिचे स्पष्ट मत आहे. बेकरीवाले चाचा गेले. त्यांच्या मुलाकडे ताट जाते.

निकोलसच्या कार्यालयाचा कार्यभार सध्या माझ्याकडे आहे. टंकलेखन यंत्राच्या जागी संगणक आला, तरी बाबांच्या आग्रहामुळे पत्रावर जावक क्रमांक पडल्याशिवाय ते बाहेर जात नाही, आणि जुन्या सर्व पत्रांच्या स्थळप्रती त्यांनी एका फायलीत क्रमाने लावून ठेवल्या आहेत. माझ्या मुलीचा या वर्षीचा अर्ज आला आहे. तिला कुत्र्याचे पिल्लू हवे आहे. आईचा शेरा “मंजूर करू नये, घर माझे आहे” असा आहे. बाबांनी त्याखाली “फेरविचार व्हावा” असे लिहून फाइल माझ्याकडे परत पाठवली आहे, आणि आज सकाळपासून दोघेही एकमेकांच्या नकळत मला बाजूला घेऊन आपापली बाजू पटवून देत आहेत.